वीरगळावरील अप्सरा आणि उत्तरेची ब्रिन्हिल्ड



मराठवाड्यांतील पुष्कळशा जुन्या गांवांत मारुतीच्या देवळापुढें, वेशीजवळ किंवा पिंपळाच्या पाराला टेकून उभा केलेला एक दगड आढळतो. तो कमरेइतका, क्वचित् पुरुषभर उंच असतो. त्याच्या समोरच्या बाजूस खालपासून वरपर्यंत चौकटी पाडलेल्या असून प्रत्येक चौकटींत माणसें कोरलेलीं असतात. ऊनपावसानें त्यांचे चेहरे झिजलेले असतात. कित्येकदां तेलाशेंदराच्या पुटांखालीं सारें कोरीव काम दिसेनासें झालेलें असतें. कोणी त्याला नुसतें ‘वीर’ म्हणतात, कोणी म्हसोबा समजून नारळ फोडतात. जाणकार त्याला वीरगळ म्हणतात. हा शब्द कानडींतून आलेला आहे. त्या भाषेंत ‘कल्लु’ म्हणजे दगड, आणि ‘वीरगल्लु’ म्हणजे वीराचा दगड.

वीरगळ वाचावयाचा तो खालून वर. सर्वांत खालच्या चौकटींत बहुधा एक मनुष्य आडवा पडलेला असतो आणि पुष्कळ वीरगळांवर त्याच्याजवळ गाई कोरलेल्या असतात. त्यावरून समजावयाचें कीं, कोणीतरी गांवचीं गुरें वळवून नेलीं आणि हा मनुष्य तीं सोडविण्यासाठीं धांवला. वरच्या चौकटींत झुंज चाललेली असते. ढाल-तलवारी, भाले, कधीं घोडे दिसतात. अगदीं माथ्याच्या चौकटींत तोच मनुष्य शिवलिंगापुढें हात जोडून बसलेला असतो, शेजारीं पूजा सांगणारा पुरोहित असतो आणि त्यावर कलश व चंद्रसूर्य कोरलेले असतात. चंद्रसूर्य आहेत तोंवर याची कीर्ति राहो, हा त्या खुणेचा अर्थ.

परंतु रणभूमि आणि कैलास यांच्यामध्यें आणखी एक चौकट असते, आणि आजचें भाषण तिच्याविषयीं आहे. तींत तो वीर मधोमध असतो आणि दोन्ही बाजूंनीं दोन स्त्रिया त्याला धरून वर नेत असतात. त्या अप्सरा होत. त्यांना पंख नसतात. गुडघ्यांत मुडपलेले पाय आणि मागें उडणारा शेला, एवढ्यावरूनच त्या आकाशांत आहेत हें समजतें. वेरूळच्या कैलास लेण्याच्या भिंतींवर आकाशांतून जाणारे विद्याधर आणि गंधर्व याच रीतीनें कोरलेले आहेत, आणि तें लेणें आठव्या शतकांतील आहे. अजिंठ्याचें सतरावें लेणें तर त्याहून जुनें. पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत वाकाटक राजा हरिषेण याच्या कारकीर्दींत त्याच्या एका मांडलिकानें तें करविलें. त्याच्या ओसरींत ढगांतून येणारा इंद्र आणि त्याच्यासवें वाद्यें घेतलेल्या अप्सरा रंगविलेल्या आहेत. तेथील शिलालेख सांगतो कीं, त्या मांडलिकाचा धाकटा भाऊ रविसांब मरण पावला आणि त्या दुःखानें थोरला भाऊ धर्मकृत्यांकडे वळला. आकाशांतून विहरणाऱ्या त्या प्रसन्न स्त्रियांच्या मागें असा एका भावाचा शोक आहे. गांवच्या ओबडधोबड वीरगळावरील अप्सरा याच कुळांतल्या; फक्त त्यांच्या हातांत वीणेच्या जागीं एका मेलेल्या माणसाचें शरीर आहे.

रणांत पडलेल्याला न्यावयास स्वर्गांतून स्त्रिया येतात ही कल्पना आपल्या वाङ्मयांत फार जुनी आहे. महाभारताच्या शांतिपर्वांत भीष्म युधिष्ठिराला सांगतात कीं, युद्धांत पडलेल्या शूराकडे हजारों अप्सरा, हा माझा पति होवो, असें म्हणत धांवत येतात. म्हणून त्याच्यासाठीं शोक करूं नये. त्याच प्रकरणांत राजा अंबरीषाची कथा आहे. आयुष्यभर धर्मानें राज्य करून तो स्वर्गास पोंचला, आणि पाहतो तों त्याचा सेनापति सुदेव त्याच्याहूनहि वरच्या मार्गानें जात आहे. आपण यज्ञ केले, दानें दिलीं, प्रजा पाळली, मग आपला चाकर आपल्या वर कसा, असें त्यानें इंद्राला विचारलें. इंद्रानें उत्तर दिलें कीं, सुदेवानेंहि यज्ञच केला. त्यानें रणांत देहाची आहुति दिली. पुढें कालिदासानें हीच कल्पना थोड्या निराळ्या नजरेनें पाहिली. रघुवंशाच्या सातव्या सर्गांत एक वीर विमानांत अप्सरेशेजारीं बसून खालीं रणांगणावर नाचणारें आपलेंच धड पाहतो. आणि एकमेकांच्या शस्त्रांनीं एकाच क्षणीं मेलेले दोघे स्वर्गांत गेल्यावरहि एकाच अप्सरेसाठीं भांडत राहतात. मरणानेंहि माणसाचें भांडण सुटलें नाहीं, हें कवीनें हंसत हंसत सांगून टाकलें आहे.

आतां येथून हजारों मैल दूर, यूरोपच्या उत्तर टोकाकडे वळावें. स्वीडन देशाच्या पूर्वेस बाल्टिक समुद्रांत गॉटलंड नांवाचें बेट आहे. तेथेंहि मृतांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड उभे केले जात. त्यांपैकीं चेंगव्हीडे या ठिकाणीं १८४४ सालीं सांपडलेला एक दगड आतां स्टॉकहोमच्या संग्रहालयांत आहे. त्याच्या वरच्या भागांत आठ पायांच्या घोड्यावर बसून एक स्वार येत आहे आणि त्याच्या स्वागतासाठीं एक स्त्री मद्याचें शिंग पुढें करून उभी आहे. आठ पायांचा घोडा हें ओडिन या देवराजाचें वाहन. तो स्वार कोण याविषयीं मतभेद असले, तरी रणांत पडलेला वीर ओडिनच्या मंदिरीं पोंचला आणि तेथील स्त्री त्याचें स्वागत करीत आहे, असा त्या चित्राचा अर्थ पुष्कळ अभ्यासक लावतात. त्या स्त्रीला उत्तरेकडील लोक वाल्कीरी म्हणत. या शब्दाचा अर्थ ‘मरणाऱ्यांची निवड करणारी’.

अप्सरा आणि वाल्कीरी यांतील पहिला भेद या नांवांतच आहे. अप्सरा वीर पडल्यानंतर येते; वाल्कीरी तो पडण्याआधींच आलेली असते. चिलखत घालून, घोड्यावर बसून ती रणभूमीवरून आकाशांतून जाते, आणि कोणी जिंकावें व कोणी मरावें हें ठरविते. ही सत्ता मात्र तिची स्वतःची नाहीं. ओडिन आज्ञा करतो आणि ती पाळावयाची असते. निवडलेले वीर ती वाल्हाल्ला नांवाच्या त्याच्या महालांत नेते. जुन्या काव्यांत त्या महालाला ५४० दारें सांगितलीं आहेत. तेथें ते वीर दररोज आपसांत लढतात आणि सायंकाळीं एकत्र बसून भोजन करतात. वाल्कीरी त्यांना पेय वाढतात.

हें सारें कशासाठीं? एके दिवशीं देवांचें आणि दैत्यांचें अखेरचें युद्ध होणार आहे आणि तींत देवांचा पराभव ठरलेला आहे, हें ओडिनला ठाऊक आहे. त्या दिवसासाठीं तो सैन्य जमवितो. म्हणून तो चांगल्यांतला चांगला योद्धा ऐन विजयाच्या वेळीं पाडतो. उत्तरेच्या लोकांनाहि हा न्याय खटकत असला पाहिजे. दहाव्या शतकांत एरिक नांवाचा राजा मारला गेला, त्यावर रचलेल्या काव्यांत ओडिनलाच प्रश्न केलेला आहे कीं, तो इतका शूर होता तर त्याला जय कां दिला नाहीं? ओडिनचें उत्तर असें कीं, लांडगा देवांच्या घराकडे टक लावून बसला आहे आणि वेळ केव्हां येईल याचा नेम नाहीं. म्हणजे या स्वर्गांत जें वीराचें स्वागत होतें, त्याच्या मुळाशीं देवाची स्वतःची गरज आहे.

या व्यवस्थेविरुद्ध उभी राहिलेली वाल्कीरी म्हणजे ब्रिन्हिल्ड. तिची कथा आइसलंड बेटांत जपली गेली. ‘एड्डा’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या काव्यांचें मुख्य हस्तलिखित १२७० च्या सुमाराचें आहे. तें पुढें डेन्मार्कच्या राजाकडे गेलें आणि १९७१ सालीं आइसलंडला परत मिळालें. त्या काव्यांत या वाल्कीरीस एके ठिकाणीं सिग्रड्रीफा असें नांव आहे. तेराव्या शतकांतील ‘व्होल्सुंग’ कुळाच्या गद्यकथेंत तीच ब्रिन्हिल्ड होय.

दोन राजांचें युद्ध जुंपलें होतें. एक ह्याल्मगुन्नार; तो वृद्ध, नामांकित योद्धा होता आणि ओडिननें त्याला जय देऊं केला होता. दुसरा आग्नार, तो तरुण होता, आणि त्याला आश्रय द्यावयास कोणीहि तयार नव्हतें. ब्रिन्हिल्डला आज्ञा होती ती ह्याल्मगुन्नारला जिंकविण्याची. तिनें ह्याल्मगुन्नारला पाडलें आणि आग्नारला जय दिला.

ओडिननें तिला निद्रेचा कांटा टोंचला. यापुढें तुला कोणाला जय देतां येणार नाहीं, तूं सामान्य स्त्रीप्रमाणें लग्न करशील, असें त्यानें फर्माविलें. त्यावर तिनें प्रतिज्ञा केली कीं, ज्याला भय ठाऊक नाहीं अशा पुरुषाखेरीज कोणाशींहि आपण विवाह करणार नाहीं. मग डोंगरमाथ्यावर, चिलखतासह, ती गाढ झोंपीं गेली. आगीचा लोळ पाहून सिगुर्ड नांवाचा तरुण वीर तेथें आला. त्यानें शिरस्त्राण काढलें तेव्हां तो योद्धा पुरुष नसून स्त्री आहे असें त्याला दिसलें. अंगाला जणूं रुतून बसलेलें तें चिलखत त्यानें तलवारीनें कापून काढलें आणि ती जागी झाली. दोघांनीं एकमेकांस वचन दिलें.

पुढची कथा दुःखाची आहे. सिगुर्ड एका राजाच्या घरीं गेला. तेथील राणीनें त्याला विस्मृतीचें पेय पाजलें. तो ब्रिन्हिल्डला विसरला आणि राजकन्या गुड्रून हिच्याशीं त्यानें विवाह केला. गुड्रूनचा भाऊ गुन्नार यास ब्रिन्हिल्ड हवी होती, परंतु तिच्या घराभोंवतीं अग्नि पेटलेला होता आणि गुन्नारचा घोडा त्यांतून जाईना. तेव्हां सिगुर्डनें मंत्रबळानें गुन्नारचें रूप घेतलें, अग्नि ओलांडला आणि तिला गुन्नारसाठीं जिंकलें. तीन रात्री तो तिच्या शेजारीं निजला, पण दोघांच्या मध्यें त्यानें उघडी तलवार ठेवली होती. पुढें एके दिवशीं दोघी जावानणंदा नदीवर केस धूत असतां मानपानावरून वाद निघाला. गुड्रूननें हातांतली आंगठी दाखविली आणि फसवणूक उघडकीस आली. ब्रिन्हिल्डनें पतीला सिगुर्डच्या वधास उद्युक्त केलें. सिगुर्ड अंथरुणांत मारला गेला. गुड्रूनचा आक्रोश ऐकून ब्रिन्हिल्ड मोठ्यानें हंसली. आणि नंतर तिनें तलवारीनें स्वतःचा अंत करून घेतला. तिच्या इच्छेप्रमाणें तिला सिगुर्डच्या चितेशेजारीं अग्नि दिला गेला.

एड्डांतील एक काव्य याहि पुढें जातें. चितेवर ज्या रथांत तिला ठेवलें होतें, त्याच रथांतून ती यमलोकाच्या वाटेनें जात असतां एक राक्षसी तिची वाट अडविते आणि दुसऱ्या स्त्रीच्या पतीमागें धांवल्याबद्दल तिची निर्भर्त्सना करते. ब्रिन्हिल्ड न डगमगतां आपली सारी हकीकत सांगते. जिनें कित्येक वीरांना वाल्हाल्लाला पोंचविलें, तिला स्वतःला मात्र तेथें न्यावयास कोणीहि आलें नाहीं.

एड्डांत आणखी एका वाल्कीरीची कथा आहे. तिचें नांव सिग्रून. हेल्गी नांवाच्या ज्या वीराचें ती रणांत रक्षण करी, त्याच्याशींच तिनें विवाह केला आणि तिच्या सख्ख्या भावानें त्याला मारलें. एका रात्रीं मेलेला हेल्गी आपल्या समाधींत परत आला. सिग्रून आंत गेली. तो म्हणाला, तूं रोज रात्रीं रडतेस. तुझा प्रत्येक अश्रु रक्त होऊन माझ्या छातीवर पडतो. रघुवंशाच्या आठव्या सर्गांत इंदुमतीच्या मृत्यूनंतर अज राजाला वसिष्ठांचा निरोप येतो, त्यांतहि नेमकी हीच समजूत सांगितली आहे. आप्तांचे अखंड वाहणारे अश्रु मृताला जाळतात. दोन भाषा, दोन टोंकांचे देश, परंतु दुःखी माणसाला समजावतांना दोघांच्याहि तोंडीं एकच वचन आलें.

जर्मनीच्या रिचर्ड व्हाग्नर या संगीतकारानें या कथांवर मोठें संगीतनाटक रचलें आणि त्यांतील ‘वाल्कीरी’ हा भाग १८७० सालीं म्युनिक येथें प्रथम झाला. तेव्हांपासून जगाला वाल्कीरी ठाऊक झाली ती घोड्यांच्या टापांत आणि रणशिंगांच्या गजरांत. त्या गजरांत मूळ कथेंतील एक लहान गोष्ट सहज हरवते. ब्रिन्हिल्डचा अपराध एवढाच होता कीं, ज्याला कोणी विचारीत नव्हतें अशाची तिनें निवड केली.

ही गोष्ट मनाशीं धरून पुन्हां वीरगळाकडे पाहिलें म्हणजे तो निराळा दिसूं लागतो. येथें ओडिन नाहीं आणि त्याचें सैन्य नाहीं. त्या खालच्या चौकटींतील मनुष्य बहुधा राजा नव्हता. आपल्याकडील बहुसंख्य वीरगळांवर एक अक्षरहि कोरलेलें नाहीं, त्यामुळें त्याचें नांवहि राहिलें नाहीं. तो गुराखी असेल, पाटलाच्या घरचा असेल, वेशीवरचा रखवालदार असेल. गुरें गेलीं असतीं तर नांगर उभे राहिले असते आणि पोरांच्या तोंडचें दूध गेलें असतें, हें त्याला ठाऊक होतें. म्हणून तो धांवला. त्याची निवड कोणा देवानें केली नाहीं. ती गांवानें केली. पाथरवटाला दाणे देऊन गांवानें सांगितलें कीं, याच्या दोन्ही बाजूंस अप्सरा दाखव. राजांच्या सेनापतींसाठीं ग्रंथांत जो मान सांगितलेला होता, तो एका अनाम माणसाला देऊन टाकला. ब्रिन्हिल्डनें आज्ञा मोडून जें केलें, तें या गांवांनीं कोणालाहि न विचारतां केलें.

राजांच्या युद्धांतहि हाच प्रकार दिसतो. संभाजीनगराजवळील देवगिरी ही यादवांची राजधानी. तेथील महादेव राजानें १२६५ च्या सुमारास उत्तर कोंकणच्या सोमेश्वर शिलाहारावर स्वारी केली. महादेवाचा मंत्री हेमाद्रि, ज्याला लोक हेमाडपंत म्हणून ओळखतात, आपल्या ग्रंथांत सोमेश्वर समुद्रांत बुडाल्याचें सांगतो. मुंबईंत बोरिवलीजवळ एकसर येथें मोठे वीरगळ आहेत. १८८२ च्या ठाणें गॅझेटियरमध्यें अशा सहांचें वर्णन आलें आहे. त्यांतील कांहींवर वल्ह्यांच्या लढाऊ नौकांची झुंज कोरलेली आहे, आणि वर नेहमींप्रमाणें वीरांना नेणाऱ्या अप्सरा आहेत. अनेक अभ्यासक या दगडांचा संबंध त्याच युद्धाशीं लावतात. राजाचें मरण मंत्र्याच्या ग्रंथांत नमूद झालें. नौकांवर लढून मेलेल्यांची आठवण दगडांनीं ठेवली.

या चित्राची एक काळी बाजूहि आहे आणि ती झांकून ठेवणें बरें नव्हे. पुष्कळ ठिकाणीं वीरगळाच्या शेजारीं दुसरा दगड असतो. त्यावर कोपरांत मुडपून वर उभारलेला, बांगड्या भरलेला एक हात कोरलेला असतो. तो सतीचा दगड. स्वर्गांतल्या स्त्रिया वीराला घेऊन गेल्या आणि पृथ्वीवरील त्याची स्त्री चितेवर गेली. १८२९ सालीं बंगाल इलाख्यांत ही चाल कायद्यानें बंद झाली आणि लौकरच इतर इलाख्यांतहि तसे कायदे झाले. ब्रिन्हिल्ड चितेवर गेली, परंतु आपण कां जातों हें तिनें स्वतःच्या तोंडानें जगाला ऐकविलें, आणि तिची बाजू मांडणारें काव्य आठशें वर्षें टिकलें. बांगड्यांच्या त्या हाताला तोंड दिलेलें नाहीं. तिला काय वाटलें, ती आपखुशीनें गेली कीं तिला नेलें, हें सांगावयास एकहि चौकट कोरलेली नाहीं. उत्तरेच्या कथेशेजारीं आपले दगड ठेवल्यावर ही उणीव जाणवते, आणि ती जाणवावी हेंच योग्य.

आतां या दगडांच्या आजच्या स्थितीविषयीं थोडेंसें. देवळाचा जीर्णोद्धार निघाला कीं, जुना वीरगळ कोपऱ्यांत ढकलला जातो. रस्ता रुंद होतो तेव्हां तो खडीच्या ढिगाखालीं जातो. कोठें त्याची पायरी झालेली असते, कोठें त्यावर धुणें आपटलें जातें, कोठें चकचकीत तैलरंग फांसून त्याचे डोळे काढलेले असतात. हें करणारे लोक दुष्ट नसतात. तो दगड काय सांगतो हें त्यांना कोणी सांगितलेलें नसतें. म्हणून ज्यांच्या गांवीं असा दगड असेल त्यांनीं एवढें करावें. तो हलविल्यावांचून भागत नसेल, तर भग्न न करतां सांवलींत, उभाच ठेवावा. त्याला सिमेंट थापूं नये किंवा रंग देऊं नये. जुना शेंदूर लोखंडानें खरवडूं नये, कारण शेंदराबरोबर चेहरेहि निघून येतात. तें काम जाणत्यांचें आहे. उंची किती, चौकटी किती, गाई आहेत कीं नौका, शेजारीं सतीचा दगड आहे कीं नाहीं, हें एका कागदावर उतरवून छायाचित्रासह पुरातत्त्व विभागास कळवावें. आणि शाळेंतल्या मुलांना एकदां तेथें नेऊन तो खालून वर वाचून दाखवावा.

आइसलंडच्या लोकांनीं आपलें हस्तलिखित परत मिळावें म्हणून कित्येक वर्षें प्रयत्न केले आणि तें बोटीनें आलें त्या दिवशीं बंदरावर हजारों माणसें जमलीं होतीं. आपलीं हस्तलिखितें पारावरच उभीं आहेत. तीं कोठूनहि आणावयाचीं नाहींत. त्या तिसऱ्या चौकटींतल्या दोघी अजून आपलें काम करीत आहेत. पावसानें त्यांचीं नाकें झिजलीं, तरी त्यांच्या हातांतला माणूस त्यांनीं सोडलेला नाहीं.